शेवटपर्यंत पोचवणारे नामदेव महाराज

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असं मंडळाने सांगितलं तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी नेहमीप्रमाणे नरसोबाच्या वाडीविषयी लिहीन. पण यंदा मनात नामदेव महाराजच येऊन बसले आहेत. दत्ताच्या अंकात विठ्ठलाचा भक्त कशाला, असं कुणी विचारील. त्याला एक उत्तर सोपं आहे. आमच्या दत्तमंदिरात दर गुरुवारी भजन होतं, त्यात दत्ताची पदं झाली की नामदेवांचे अभंग येतातच. ते परके कधी वाटले नाहीत. दुसरं उत्तर सांगायला मात्र थोडं मागे जावं लागेल.

मी बँकेत कारकून होतो. बी.कॉम. झालो, लागलो आणि त्याच बँकेतून निवृत्त झालो. त्यातली बरीच वर्षं माझ्याकडे मयत खातेदारांचं टेबल होतं. माणूस गेला की त्याच्या खात्यातले पैसे मिळावेत म्हणून घरचे अर्ज घेऊन येतात, ते टेबल. त्या अर्जात एक रकाना असतो : मयताशी नाते. तिथे पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ असं लिहायचं. नॉमिनी म्हणून कुणाचंही नाव चालतं, पण नॉमिनी नसेल तर वारस लागतो, आणि वारसाच्या रकान्यात मित्र चालत नाही. कुणी लिहिलंच तर आम्ही अर्ज परत करायचो. नियम म्हणजे नियम. तो चुकीचा होता असंही माझं म्हणणं नाही.

पण निवृत्तीनंतर नामदेवांचं चरित्र वाचताना मला त्या रकान्याची आठवण होत राहिली. कारण या माणसाने आयुष्यभर ज्यांना शेवटपर्यंत पोचवलं, त्यातले बहुतेक त्याच्या रक्ताचे नव्हते, जातीचे नव्हते, गावचेही नव्हते. ते माझ्या टेबलासमोर उभे राहिले असते तर रकान्यात काय लिहिलं असतं?

नामदेवांचा जन्म शके ११९२ मधला, म्हणजे इसवी सन १२७०. तिथी कार्तिक शुद्ध एकादशी. गाव हिंगोली जिल्ह्यातलं नरसी, जे आज नरसी नामदेव म्हणूनच ओळखलं जातं. वडील दामाशेटी, आई गोणाई, धंदा शिंप्याचा. घरात विठ्ठलभक्ती पूर्वीपासून होती, आणि लहानपण पंढरीत देवाच्या पायाशी गेलं. लहान नामदेवाने नैवेद्याचं ताट देवापुढे ठेवलं, देव जेवेना म्हणून हट्ट धरला आणि शेवटी देवाला जेवावं लागलं, ही गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकाने आजीकडून ऐकलेली असते.

पुढे लग्न झालं. पत्नी राजाई. नारा, विठा, गोंदा आणि महादा असे चार मुलगे, लिंबाई मुलगी. स्वतःला नामयाची दासी म्हणवणारी जनाबाई त्याच घरातली. इतकं मोठं कुटुंब, आणि कर्ता पुरुष दिवसरात्र देवळात. गोणाई आणि राजाई वैतागायच्या, देवाशीच भांडायच्या. संसारी माणसांना या गोष्टी फार जवळच्या वाटतात.

देव आपल्याशी बोलतो, आपल्या हातचं खातो, या आनंदात तरुण नामदेव असताना त्यांना एक ठेच लागली. संतांची मंडळी गोरोबाकाकांकडे तेरला जमली होती. गोरोबा कुंभार. मडकं कच्चं की पक्कं हे थापटून ओळखणं त्यांचा रोजचा उद्योग. चेष्टेचेष्टेत त्यांनी थापटण्याने एकेकाचं डोकं थापटून पाहिलं. बाकीचे गप्प बसले. नामदेव मात्र चिडले. गोरोबांनी निकाल दिला की हे एक मडकं अजून कच्चं आहे. देवाचा लाडका असला तरी याला गुरू नाही.

रुसून नामदेव पंढरीला आले, विठ्ठलापाशी गाऱ्हाणं घातलं, आणि विठ्ठलानेही गोरोबांचीच बाजू घेतली. मग औंढ्या नागनाथाला विसोबा खेचर भेटले. म्हातारा पिंडीवर पाय ठेवून झोपलेला. नामदेव संतापले. विसोबांनी शांतपणे सांगितलं की देव जिथे नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलून ठेवतील तिथे पिंड. आपण दत्तभक्त गुरूशिवाय गती नाही असं म्हणतो, ते इथेही तसंच आहे. गुरू भेटल्यावर नामदेवांना पंढरीबाहेरचा विठ्ठल दिसू लागला. आणि माझ्या समजुतीप्रमाणे, माणसांतला विठ्ठलही.

त्याच औंढ्याच्या देवळाची आणखी एक आख्यायिका आहे. नामदेव देवळासमोर कीर्तन करत होते, तेव्हा तिथल्या पुजाऱ्यांनी त्यांना मागे जायला लावलं. ते देवळाच्या पाठीमागे जाऊन गायला लागले आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. गोष्ट खरी की खोटी हा वाद मी घालणार नाही. देवळासमोरून उठवलं जाणं म्हणजे काय, हे या माणसाला ठाऊक होतं, एवढं ध्यानात ठेवा. पुढे चोखोबांच्या वेळी ते उपयोगी पडेल.

ज्ञानेश्वर माऊली आणि नामदेव यांची भेट झाली, दोघे मिळून उत्तरेच्या तीर्थयात्रेला गेले. या यात्रेवर नामदेवांनी जे अभंग रचले त्यांना तीर्थावळी म्हणतात. ज्ञानेश्वर वयाने नामदेवांपेक्षा लहान, ज्ञानाने मोठे. एक योगी, दुसरा भोळा. एक ब्राह्मणाचा मुलगा, पण संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेला, दुसरा शिंपी. चालता चालता त्यांचं जे जमलं ते कायमचं.

यात्रेहून परत आल्यावर माऊलींनी समाधीचा विचार बोलून दाखवला. वय एकवीस. शके १२१८, कार्तिकी एकादशी झाली आणि सगळे संत आळंदीला जमले. द्वादशीचं पारणं झालं. कार्तिक वद्य त्रयोदशी उजाडली, म्हणजे इसवी सन १२९६.

इथून पुढे नामदेवांनी जे लिहून ठेवलं आहे ते समाधीचे अभंग म्हणून प्रसिद्ध आहेत. वाचताना मला कारकून म्हणून सगळ्यात जास्त काय भिडलं असेल, तर त्यातलं काम. रडणं आहेच, पण त्याआधी काम आहे. सिद्धेश्वराच्या देवळाजवळ विवर उघडायचं होतं. समाधीची जागा कुणीतरी झाडायला हवी होती. नामदेवांनी आपली मुलं पाठवली. नारा, विठा, गोंदा, महादा. त्यांनी जागा झाडून साफ केली. बेल, तुळस, फुलं आणली गेली. मी उगाच हिशेब करून पाहिला. नामदेव त्या वेळी सव्वीस वर्षांचे. म्हणजे ती चार मुलं किती लहान असतील! आपण आपल्या नातवंडांना अशा ठिकाणापासून दूर ठेवतो, शेजारच्या घरी पाठवून देतो. या बापाने त्यांच्या हातात केरसुणी दिली.

निवृत्तिनाथांनी धाकट्या भावाला हाताला धरून आत नेलं, आसनावर बसवलं आणि बाहेर येऊन शिळा लावली. वडील भाऊ, आणि गुरूही तोच. त्याच्या मनाचं काय झालं असेल! नामदेव सांगतात की सगळ्यांना धीर देणारे निवृत्तिनाथ त्या दिवशी स्वतःच सावरले जात नव्हते. सोपान आणि मुक्ताई यांना कोण सावरणार? ते काम पंढरीच्या मंडळींनी केलं.

लोक पांगले. पण नामदेव लगेच पंढरीला परत गेले नाहीत. एका महिन्याने, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला, सोपानदेवांनी सासवडला कऱ्हेच्या काठी समाधी घेतली. नामदेव तिथे. म्हणजे पाहा, कार्तिक वद्य त्रयोदशी आणि मार्गशीर्ष वद्य त्रयोदशी यांच्या मध्ये मार्गशीर्ष पौर्णिमा येते, आपली दत्तजयंती. आपण पाळणा म्हणतो, सुंठवडा वाटतो. त्या वर्षीच्या त्या पौर्णिमेला ही मंडळी एकाला पोचवून आली होती आणि दुसऱ्याला पोचवायला निघाली होती. हे लक्षात आल्यापासून दत्तजयंतीच्या रात्री पाळण्याची दोरी हातात घेताना मला आळंदी ते सासवड हा रस्ता आठवतो.

पुढे वैशाख वद्यात मुक्ताई. तापीच्या काठी मेहूणच्या परिसरात वीज कडाडली आणि ती दिसेनाशी झाली, असं सांगतात. तिला खांदा द्यायला देहसुद्धा उरला नाही. आणि ज्येष्ठ वद्यात त्र्यंबकेश्वरी, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, निवृत्तिनाथ. साधारण सात महिन्यांत चार भावंडं गेली. आईवडील तर त्यांना लहानपणीच सोडून गेलेले. मूलबाळ कुणालाच नाही. माझ्या टेबलाच्या भाषेत सांगायचं तर या घराला वारस कुणी उरलाच नाही.

पण वारस होता. आदि, तीर्थावळी आणि समाधी या तीन प्रकरणांत नामदेवांनी ज्ञानदेवांचं आणि भावंडांचं चरित्र सांगितलं. आज आळंदीच्या समाधीविषयी आपल्याला जे काही माहीत आहे, त्यातलं बरंचसं या शिंप्याने सांगितलं म्हणून माहीत आहे. पिंडदानाने पितर तृप्त होतात असं शास्त्र सांगतं. इथे सातशे वर्षांहून अधिक काळ कार्तिकात आळंदीला लाखो माणसं जमतात. यापेक्षा मोठं श्राद्ध कुठलं असेल?

आमच्या मंदिरातल्या गुरुजींशी मी एकदा या विषयावर बोललो. शास्त्रात उत्तरक्रियेचा पहिला अधिकार मुलाचा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण गुरुजींनी मला याज्ञवल्क्य स्मृतीतली वारसांची यादी दाखवली. निपुत्रिक माणूस गेला तर पत्नी, मुली, आईवडील, भाऊ, पुतणे, गोत्रज, बंधू, मग शिष्य, आणि त्यानंतर सब्रह्मचारी. सब्रह्मचारी म्हणजे एका गुरूपाशी शिकलेला. आपण दत्तसंप्रदायात ज्याला गुरुबंधू म्हणतो तो. यादीत अगदी खाली आहे, पण आहे. बँकेच्या फॉर्मवर नसलेलं नातं स्मृतीत सापडलं, याचा मला त्या दिवशी केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

नामदेव पुढे उत्तरेत गेले. पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यातलं घुमान हे गाव त्यांच्या नावाने ओळखलं जातं. त्यांनी तिथे कित्येक वर्षं काढली, तिथल्या भाषेत पदं रचली आणि त्यातली एकसष्ट पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. शीख बांधव त्यांना भगत नामदेव म्हणतात. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं होतं, ते त्यांच्याच पुण्याईने. अनोळखी लोकांत राहून त्यांना आपलं करणं हे या माणसाला कसं जमलं असेल, याचं मला कोडं पडत नाही. ज्याला पिंडीवरचे पाय उचलून ठेवायला दुसरी जागा सापडली नाही, त्याला परका प्रांत कुठला?

आता चोखोबांकडे येतो. खरं तर हा लेख त्यांच्याचसाठी लिहायला घेतला.

चोखामेळा मंगळवेढ्याचे. जातीने महार. पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, सगळे अभंग रचणारे. परंपरा त्यांना नामदेवांचे शिष्य मानते. पंढरीच्या देवळात त्यांना प्रवेश नव्हता. महाद्वाराबाहेर उभं राहून जेवढा दिसेल तेवढा विठ्ठल पाहायचा आणि परत फिरायचं. ज्यांच्या अभंगांवर आज आपण माना डोलावतो त्यांना त्या काळच्या पंढरीने उंबरठा ओलांडू दिला नाही.

शके १२६०, म्हणजे १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाची भिंत दुरुस्त करायचं काम निघालं. बिनमोलाच्या कामाला कुणाला धरून नेत असत हे वेगळं सांगायला नको. काम चालू असताना भिंत कोसळली. खाली बरेच मजूर गाडले गेले. त्यात चोखोबा होते. कुणी घाईने ढिगारा उपसायला आलं नाही. मेलेले कुणाच्या खिजगणतीत नव्हते.

नामदेवांचं वय त्या वेळी अडुसष्ट. म्हणजे साधारण माझ्याएवढं. बातमी कळल्यावर ते पंढरीहून मंगळवेढ्याला निघाले. अंतर पंचवीसेक किलोमीटर. वैशाखाचे दिवस, सोलापुरी ऊन. आज एस.टी.ने गेलं तरी जीव नको होतो. ढिगाऱ्यापाशी पोचले तेव्हा माणसं ओळखू येण्याजोगी राहिली नव्हती. नुसती हाडं. कुणाचं कोणतं, काय सांगावं?

पुढची गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. नामदेव एकेक हाड उचलून कानाशी धरत गेले. ज्यातून विठ्ठल विठ्ठल असा नाद आला, ते चोखोबांचं. काही आख्यानांत तर देव स्वतः पीतांबरात ती हाडं गोळा करतो. मी लहानपणापासून ही गोष्ट नामाचा महिमा म्हणून ऐकत आलो. हाडांतसुद्धा नाम मुरलं होतं, असं कीर्तनकार सांगतात आणि ते खरंच आहे. पण नादाची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवून नुसतं दृश्य डोळ्यांपुढे आणा. अडुसष्ट वर्षांचा, दूरदेशी नाव पोचलेला एक संत उन्हात ढिगाऱ्यावर बसला आहे आणि ज्याची सावली लोक टाळत, त्याची हाडं एकेक करून कानाला लावतो आहे. विटाळाचा विचार त्याच्या मनाला शिवत नाही. घाईही नाही. आपल्या माणसाचं एकही हाड मागे राहू नये आणि दुसऱ्याचं चुकून येऊ नये, एवढीच काळजी.

ती हाडं नामदेवांनी पंढरीला आणली आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. जिथे चोखोबा आयुष्यभर उभे राहिले, बरोबर तिथे. आत नेणं नामदेवांच्याही हातात नव्हतं. जे हातात होतं ते त्यांनी पुरतं केलं. त्या उंबरठ्याच्या आत चोखोबांच्या बांधवांना जायला मिळालं ते १९४७ साली, साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केल्यावर. वजाबाकी करून पाहा, सहाशे नऊ वर्षं होतात. या काळात दर आषाढी-कार्तिकीला देवाच्या दर्शनाला जाणारा प्रत्येक जण आधी चोखोबांपुढे वाकून पुढे गेला.

आता माझं सांगायला हरकत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या भजनी मंडळात एक पखवाजवाले होते. हाताला अशी गोडी की त्यांनी थाप मारली की झोपलेलं मूल हसावं. मंदिराच्या सभामंडपात आम्ही मांडीला मांडी लावून बसायचो, एका ताटलीतला प्रसाद खायचो. ते एका गुरुवारी पहाटे गेले. त्यांच्या समाजाची स्मशानभूमी वेगळी, ओढ्यापलीकडे. मंडळातले चार-पाच जण गेले. मी गेलो नाही. घरी वडील होते, त्यांचं सोवळंओवळं कडक, घरात नाही नाही ते प्रश्न निघाले असते. आणि खरं सांगायचं तर वडील नुसतं निमित्त. माझाच पाय निघाला नाही.

महिन्याभराने त्यांच्या पत्नी अर्ज घेऊन माझ्याच टेबलाशी आल्या. मी भराभर कागद पाहिले, अंगठा कुठे उठवायचा ते दाखवलं, त्यांना एकही फेरी जास्त मारावी लागू नये अशी व्यवस्था केली. उठताना त्यांनी एवढंच विचारलं की त्या दिवशी बरं नव्हतं का. मला सबब शोधायची तसदीसुद्धा त्या बाईने दिली नाही. तीच हातात ठेवली. मी मान हलवली. त्यांनी तब्येतीची काळजी घ्यायला सांगितलं आणि गेल्या.

त्यानंतर किती गुरुवारी मी नामदेवांचे अभंग गायलो असेन! टाळ चुकला नाही, पण त्या पखवाजाच्या जागेकडे मी कधी नीट पाहू शकलो नाही.

२०२१च्या मे महिन्यात कोरोनाने आमचे पेटीवाले गेले. मुलगा परदेशात, विमानं बंद. मुलगी स्वतः आजारी, घरात कोंडलेली. अग्नी पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी दिला. त्या माणसांचे आपल्या सगळ्यांवर उपकार आहेत. पण अस्थी तशाच राहिल्या. मुलीने फोनवर मला विचारलंही नाही, नुसती रडत होती. मीच म्हटलं की मी जातो. बायको काळजीत होती, तरी तिने अडवलं नाही. डब्यात दूध आणि फुलं घालून दिली.

स्मशानात एका फळीवर मडकी ओळीने ठेवलेली होती. प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी, नाव आणि तारीख. कित्येक मडकी कुणाची तरी वाट पाहत होती. तिथल्या माणसाने वही पुढे केली. त्या वहीत रकाना होता : मयताशी नाते. मी पेन हातात धरून उभा राहिलो. आयुष्यभर हा रकाना दुसऱ्यांकडून भरून घेतला, स्वतः भरायची वेळ पहिल्यांदा आली. मग लिहिलं, गुरुबंधू. त्या माणसाने वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता मडकं हातात दिलं. त्याने अर्ज परत केला नाही.

कृष्णेच्या घाटाकडे चालताना मास्क लावलेल्या तोंडाने मी ते मडकं कानाशी धरलं. हसू नका. चोखोबांची गोष्ट डोक्यात होती. काही ऐकू आलं नाही. मग माझं मीच दत्ताचं नाम घ्यायला लागलो, घाट येईपर्यंत घेत राहिलो. अस्थी पाण्यात सोडल्या. पेटीवाल्यांच्या नावाने एक ओंजळ दिली आणि पखवाजवाल्यांच्या नावाने दुसरी. पंचवीस वर्षं उशीर झाला होता. पण पाण्याने ती घेतली.

आपल्या गुरुचरित्रात श्री नृसिंहसरस्वती महाराज गाणगापूरहून निघतात तो प्रसंग आहे. फुलांच्या आसनावर बसून ते कृष्णेच्या पात्रातून पलीकडे जातात, शिष्य काठावर उभे राहतात आणि प्रसाद म्हणून चार फुलं वाहत त्यांच्याकडे येतात. काठावर मागे उरणं हेच शिष्यांच्या वाट्याला येतं. कुणाच्या हाती फुलं येतात, कुणाच्या हाती हाडं. नामदेवांनी दोन्ही तितक्याच आदराने उचलली असती असं मला वाटतं.

नामदेव ऐंशी वर्षांचे झाले. शके १२७२, इसवी सन १३५०, आषाढ वद्य त्रयोदशी. आपल्या वारकरी परंपरेप्रमाणे त्यांनी पंढरीच्या महाद्वारी देह ठेवला. देवाला त्यांनी मागणं घातलं होतं की गाभाऱ्याजवळची जागा नको, पायरीखालची द्या, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या संतांच्या पायाची धूळ लागेल. त्यांच्याबरोबर घरच्या मंडळींनीही समाधी घेतली, एकूण चौदा जण, असं सांगतात. ती नामदेव पायरी. तिच्या समोरच चोखोबा.

ज्याने सगळ्यांना पोचवलं त्याला पोचवायला घरचं फारसं कुणी मागे उरलं नाही. पण आषाढीला महाद्वारापाशी उभं राहून पाहा. त्या पायरीवर कुणी पाय देत नाही. म्हातारी माणसं गुडघा दुखत असतानाही वाकतात, हात लावतात, हात कपाळाला लावतात, मग ओलांडून आत जातात. त्यांत कुणी शिंपी असतो, कुणी ब्राह्मण, कुणी चोखोबांच्या वस्तीतला. प्रत्येक जण नामदेवांना एकदा पोचवून पुढे जातो. रकाना भरायला सांगितला तर यातला कोण काय लिहील?

आमच्या मंडळाने गेल्या वर्षीपासून एक वही केली आहे. मंडळातला कुणीही गेला, मग त्याची स्मशानभूमी कुठेही असो, दोघांनी तरी जायचंच. कुणाची पाळी आहे ते वहीत लिहिलेलं असतं. वही माझ्याकडे आहे, कारण वह्या सांभाळण्यापलीकडे मला दुसरं काही येत नाही. या दत्तजयंतीला पाळणा झाल्यावर ती सगळ्यांसमोर ठेवणार आहे. ज्यांना नाव घालायचं असेल त्यांनी प्रसाद घेऊन झाल्यावर माझ्याकडे यावं. मी पखवाजाशेजारी बसलेला असेन.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.